तिसरा आणि शेवटचा अटेम्प्ट : परदेशात परीक्षेचं दडपण कसं हाताळलंत?

पहाटवारा | ४ डिसेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी जर्मनीत मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय, तिसरं सेमिस्टर चालू आहे. बाकीचे विषय बऱ्यापैकी सुटलेत, पण कंटिन्युअम मेकॅनिक्स हा सक्तीचा विषय दोनदा राहिला. आमच्या विद्यापीठात एका विषयाला तीनच अटेम्प्ट मिळतात. तिसरा फेब्रुवारीत आहे. तोही गेला तर 'कायमस्वरूपी अनुत्तीर्ण' असा शेरा लागतो आणि विद्यापीठातून नाव कमी होतं.

मुळात इथली पद्धतच अजून माझ्या अंगवळणी पडलेली नाही. बी.ई.ला अंतर्गत परीक्षा, सबमिशन, व्हायव्हा असं करत करत निम्मी लढाई आधीच झालेली असायची. मागचे पेपर सोडवले की काय येणार याचा अंदाज यायचा. इथे चार महिने कोणी काही विचारत नाही. लेक्चरला हजेरी नाही, ट्यूटोरियलच्या गणितांना मार्क नाहीत. तुम्हाला समजतंय की नाही, याचा कुणाला पत्ता नसतो. आणि मग एक दिवस ९० मिनिटांचा पेपर, सगळी ग्रेड त्या एका पेपरवर. १.० सगळ्यात चांगली, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. माझे दोन्ही वेळा ५.०.

आता नोट्स उघडल्या की छातीत धडधडायला लागतं. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, ती मग सकाळपर्यंत. आठवड्याला वीस तासांची नोकरी सोडता येत नाही, कारण घरभाडं त्यातून जातं. घरी रोज बोलणं होतं. "अभ्यास कसा चाललाय?" "मस्त." एवढंच. दोनदा नापास झालोय हे घरी कुणालाच माहीत नाही. शिक्षणाचं कर्ज बाबांच्या जामिनावर आहे.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा. अभ्यासाचं काय करू, झोपेचं काय करू, आणि घरी आत्ता सांगू की निकाल लागल्यावर?

शिशिरपान | ४ डिसेंबर

पहाटवारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि फेब्रुवारीच्या आधी लिहिलंत हे त्याहून बरं. मी जर्मनीतच शिकलो, आता इथेच नोकरी करतो. माझ्या ओळखीतल्या तिघाचौघांना तिसऱ्या अटेम्प्टपर्यंत जाताना पाहिलं आहे.

अभ्यासाला बसायच्या आधी एक संध्याकाळ दुसऱ्या कामाला द्या. तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली, म्हणजे प्रुफुंग्सऑर्डनुंग, विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. सीनिअर सांगतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी म्हणालं, यावर जाऊ नका. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, एकाच विद्यापीठात प्रत्येक कोर्सचे वेगळे असतात, आणि वर्षागणिक आवृत्त्याही बदलतात. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेली आवृत्ती हवी. जर्मन जड जात असेल तर भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरा, पण शंकेच्या ओळी परीक्षा कार्यालयात नेऊन विचारा.

त्यात काय बघायचं ते सांगतो. तिसरा अटेम्प्ट लेखीच आहे की तोंडी? काही ठिकाणी शेवटची लेखी परीक्षा गेली तरी एक तोंडी पुरवणी परीक्षा मिळते आणि तीत ४.० पर्यंत नेता येतं. हे माहीत असणं आणि नसणं यात झोपेचा फरक पडतो. दुसरं, तिसरा अटेम्प्ट याच सेमिस्टरला द्यायची सक्ती आहे का, की पुढे ढकलता येतो? काही नियमावल्यांत मुदत असते, काहींत नसते. तिसरं, नोंदणी केलेली परीक्षा कारण न देता कोणत्या तारखेपर्यंत मागे घेता येते? ती तारीख भिंतीवर लावा.

आजारपणाचंही आत्ताच वाचून ठेवा. परीक्षेच्या दिवशी खरंच आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते ताबडतोब पोचवायचं. पेपर लिहून आल्यावर 'मला बरं नव्हतं' हे सांगून सहसा काही उपयोग होत नाही. आणि चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास डॉक्टरी निदानाचा असेल, तर जादा वेळ किंवा वेगळी खोली अशी सवलत मागता येते. त्याला नाखटाइल्सआउसग्लाइख म्हणतात. अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुम्ही आधीचे दोन पेपर बघून आलात का? निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका बघायची सोय प्रत्येक विषयात असते, त्याला क्लाउझूरआइनझिख्त म्हणतात. आपली मुलं तिथे जातच नाहीत. नापास झाल्यावर प्राध्यापकांसमोर जायचं जिवावर येतं. तारीख उलटून गेली असली तरी त्या विभागाला नम्र ईमेल करून बघा.

टिपणवही | ५ डिसेंबर

शिशिरपान यांनी नियमांचं सगळं सांगितलंच आहे, मी अभ्यासापुरतं लिहिते.

तुमचा विषय किती क्रेडिटचा आहे? समजा ६. जर्मनीत एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे १८० तासांचं काम. लेक्चर आणि ट्यूटोरियल मिळून आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, हे झाले ६०. उरलेले १२० तास तुम्ही एकट्याने, कोणी न सांगता घालायचे असं ही पद्धत गृहीत धरते. हे कोणी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देत नाही. आपल्याला वाटतं की लेक्चरला बसलो, ट्यूटोरियलला बसलो, मग राहिलं कसं. राहिलं, कारण विषयाचा दोन तृतीयांश भाग वर्गाबाहेर होता.

आता ते तास कसे घालायचे. नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. २००६ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी यावर प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. म्हणून ज्या अभ्यासाने त्या रात्री बरं वाटतं, तोच पेपरच्या दिवशी हात देईल असं धरून चालू नका.

तुमच्या शाखेची विद्यार्थी परिषद असेल, फाखशाफ्ट. त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिकांचा साठा असतो, बऱ्याच ठिकाणी तो सर्व्हरवर असतो आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनने उघडतो. त्या आणा. एक पेपर घ्या, ९० मिनिटांचा गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि परवानगी असलेल्या फॉर्म्युला शीटखेरीज काहीही जवळ न ठेवता कागदावर लिहा. अडलात तरी उत्तर बघायचं नाही, वेळ संपेपर्यंत बसून राहायचं. मग तपासताना प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहा. संकल्पनाच समजली नव्हती तर 'स', समजली होती पण सुरुवात सुचली नाही तर 'सु', आकडेमोड चुकली तर 'आ'. तीन पेपर झाले की कागदावरच दिसतं की पुढचा महिना कशावर घालवायचा. मी हे करायला लागले तेव्हा माझं खरं दुखणं 'सु' निघालं. थिअरी येत होती, पण कोरा प्रश्न समोर आल्यावर पहिली ओळ कोणती लिहायची याचा सराव शून्य होता.

आणि एकटे बसू नका. दोन-तीन जणांचा गट करा, त्यात किमान एक जण इथेच लहानाचा मोठा झालेला असू द्या. त्यांना न लिहिलेले नियम माहीत असतात.

कातळ | ५ डिसेंबर

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. दोनदा ५.० आली म्हणजे पेपर लिहायची पद्धत चुकली एवढंच नसतं. कदाचित हा विषय किंवा हा कोर्स तुमच्यासाठी नाही. तिसऱ्यांदा जिवाचं रान करून पुन्हा गेला तर जर्मनीत त्याच शाखेत दुसरीकडेही प्रवेश मिळणं बंद होतं. त्यापेक्षा हातात एक अटेम्प्ट शिल्लक असतानाच दुसऱ्या कोर्सकडे वळणं शहाणपणाचं नाही का? मी स्वतः कोर्स बदलला आणि आज समाधानी आहे. सगळे जण 'लढ' म्हणतात, 'थांब' कोणी म्हणत नाही, म्हणून लिहिलं.

रानजाई | ५ डिसेंबर

कातळ, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. कोर्स बदलणं यात काही कमीपणा नाही, आणि बदलायचा असेल तर तिसऱ्या पेपरच्या आधीच ठरवायला हवं हे शंभर टक्के बरोबर. पण रात्री तीन वाजता जागा असलेल्या माणसाने हा निर्णय एकट्याने घेऊ नये. बाकीचे विषय सुटलेत असं त्यांनीच लिहिलं आहे. म्हणजे शाखा जमत नाही असं दिसत नाही, एक विषय अडलाय.

पहाटवारा, तुमच्या विभागात अभ्यासक्रम सल्लागार असतो. त्याची वेळ घ्या आणि दोन्ही वाटा त्याच्यासमोर ठेवा. बदलायचंच ठरलं तर नवीन ठिकाणी जुने नापास अटेम्प्ट मोजले जातात का हे लेखी विचारा, जवळच्या शाखेत ते मोजले जाऊ शकतात. आणि व्हिसाचं विसरू नका. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवताना परदेशी नागरिक कार्यालय शिक्षण वाजवी काळात पूर्ण होईल का हे बघतं. आधी त्यांच्याशी बोलून, विद्यापीठाचं पत्र घेऊन कोर्स बदलला तर वाट सोपी जाते.

नोकरीबद्दलही एक सुचवते. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सगळं वर्ष सारखं काम करायलाच हवं असं नाही. मालकाशी बोलून जानेवारी-फेब्रुवारीत तास कमी करा, मार्चमध्ये सुट्टी असते तेव्हा वाढवून घ्या. विद्यार्थ्यांना कामावर ठेवणाऱ्यांना परीक्षेचा हंगाम माहीत असतो. बहुतेक जण आनंदाने मान्य करतात, फक्त जानेवारी उजाडायच्या आत विचारा.

सावरी | ६ डिसेंबर

मी विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाचं काम करते, जर्मनीत नाही, पण परदेशातच. पहाटवारा यांनी झोपेचं विचारलं आणि तो प्रश्न मागे पडतोय, म्हणून लिहिते.

पेपरची थोडी धास्ती असणं चांगलंच. पण नोट्स उघडताच छाती धडधडणं आणि रोज पहाटे जाग येणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल, तर ते 'टेन्शन आहे' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. जर्मनीत जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या गावी श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थी सेवा संस्था असते. तिच्याकडे मानसिक समुपदेशन असतं, मोफत किंवा अगदी नाममात्र शुल्कात, आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतही. ते तुमच्या प्राध्यापकांना किंवा व्हिसा कार्यालयाला काही कळवत नाहीत. ही भीती मला मुलांमध्ये फार दिसते, म्हणून ठळकपणे सांगते. परीक्षेच्या तोंडावर तिथे गर्दी होते, आत्ताच वेळ मागा. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट हवी असेल तर ११६११७ या क्रमांकावरून वेळ मिळते आणि सार्वजनिक आरोग्य विम्यात तिचा खर्च बसतो.

झोपेसाठी : रात्री कितीही जागे राहिलात तरी सकाळी उठायची वेळ बदलू नका. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात चाला, ढगाळ असलं तरी. डिसेंबरच्या शेवटी बर्लिनला दिवस पावणेआठ तासांचासुद्धा नसतो. तुम्ही तो सगळा ग्रंथालयात काढलात तर शरीराला रात्र कधी संपली ते कळत नाही. पहाटे जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, झोप आली की परत या. अंथरुणात पडून पेपरचा विचार करायचा नाही आणि अंथरुणात बसून अभ्यासही करायचा नाही.

आणखी एक. १९५५ साली लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे रुळले होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही. मधले, सहा ते अठरा महिन्यांवाले, सगळ्यात अवघडलेले होते. नंतरच्या संशोधनात ही रेषा सगळ्यांना लागू होते असं दिसलं नाही, आणि पुष्कळांना पहिला महिनाच सगळ्यात कठीण जातो. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हा मधला टप्पा मला वारंवार दिसतो. नव्याची नवलाई संपलेली असते, मैत्री अजून मुरलेली नसते, आणि नेमक्या त्याच काळात दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरचे अवघड पेपर येतात. मूल स्वतःला ढ ठरवून मोकळं होतं, आणि या बाकीच्या परिस्थितीचा हिशोब कोणी मांडतच नाही.

जगणं नकोसं वाटावं असा विचार एकदाही आला, तर पुढची समुपदेशनाची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. जर्मनीत ०८०० १११ ०१११ हा टेलिफोनझेलझोर्गे या मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, तातडीला ११२. ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, अमेरिकेत ९८८. भारतातल्या पालकांसाठीही टेली-मानसचा १४४१६ आहे, मराठीतून बोलता येतं.

बकुळी | ६ डिसेंबर

ब्रिटनबद्दल दोन ओळी, कारण हा धागा पुढे तिकडची मुलंही वाचतील.

तिकडे पहिल्या टर्मला ६२ मार्क बघून मुलं रडतात. अरे, ६२ चांगले आहेत! ७० च्या वर पहिला वर्ग, ६० ते ६९ वरचा दुसरा. मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन. ८५-९० ची सवय असलेल्या मुलाला हे कोणी सांगितलं नाही तर तो विनाकारण महिनाभर खचलेला राहतो. घरच्यांनाही आकडा सांगताना ही पट्टी सोबत सांगा.

आजारपण, घरात मृत्यू, मानसिक त्रास यासाठी अपवादात्मक परिस्थितीचा अर्ज असतो. त्याला प्रत्येक विद्यापीठात वेगळं नाव असतं, पण मुदत सगळीकडे असते आणि ती निकालाच्या आधीची असते. मार्क कळल्यावर अर्ज केला तर आधी का नाही सांगितलंत याचं सबळ कारण द्यावं लागतं. पर्सनल ट्यूटर नावाचा माणूस प्रत्येकाला नेमून दिलेला असतो. त्याला भेटायला काहीतरी बिघडायलाच हवं असं नाही.

ओसरी | ७ डिसेंबर

मी आई आहे. मुलगी अमेरिकेत शिकते. इथले प्रतिसाद रात्री वाचत बसले, म्हणून आज लिहिते.

आम्हा पालकांना एक गोष्ट लवकर कळत नाही. शाळा-कॉलेजात प्रगतिपुस्तकावर आमची सही लागायची. अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे, फर्पा म्हणतात. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा. विद्यापीठ त्याच्या संमतीशिवाय आम्हाला मार्क सांगायला बांधील नाही. म्हणजे आम्हाला कळायची वाट एकच, मुलाने सांगणं. आणि फोनवर आम्ही विचारतो काय? झोपलीस का, पेपर कसा गेला, किती पडतील. तीन प्रश्न, तिन्हीची उत्तरं एका शब्दात देता येतात.

आमच्याकडे आता रविवारचा फोन लांबचा असतो आणि त्यात मी पेपरचं विचारत नाही. या आठवड्यात कोणाशी बोललीस, कुठल्या लेक्चरला मजा आली, काय कळलं नाही, असं विचारते. 'काय कळलं नाही' याचं उत्तर ती फार सविस्तर देते. मला त्यातलं काही समजत नाही, तरी ऐकते. मागच्या सेमिस्टरला एका विषयात ती मागे पडली होती, ते मला अशाच एका फोनवर कळलं, परीक्षेच्या महिनाभर आधी.

पहाटवारा, तुम्ही मला मुलासारखे, म्हणून सांगते. घरी सांगा, आणि आत्ता सांगा. फोनवर जीभ अडखळत असेल तर लिहून पाठवा. काय झालं, नियम काय आहे, पुढच्या तारखा कोणत्या, तुम्ही काय काय करताय, आणि बाबांकडून तुम्हाला काय हवंय, एवढं क्रमाने लिहा. अर्धवट कळलं की आम्ही उरलेलं मनाने भरतो आणि ते नेहमी वाईटच असतं. पूर्ण चित्र दिलंत तर वडीलमाणसं बहुतेक वेळा शांत होतात.

कर्जाचं म्हणाल तर बँकेशीही आधीच बोलता येतं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. कोर्स लांबणार असेल तर विद्यापीठाचं पत्र जोडून मुदतवाढ मागता येते. हप्ता थकल्यावर मागण्यापेक्षा ते खूप सोपं आहे. तुमचं कर्ज बाबांच्या जामिनावर आहे म्हणता, मग हा अर्ज करायला बाबांना खरी परिस्थिती माहीत असायला हवीच.

पहाटवारा | १८ डिसेंबर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला आहे.

नियमावली वाचली. आमच्याकडे तिसरा अटेम्प्ट लेखीच आहे, पण तो जेमतेम गेला तर तोंडी पुरवणी परीक्षा आहे. दीड वर्षात मला हे कोणी बोललं नव्हतं. परीक्षा मागे घ्यायची शेवटची तारीख पेपरच्या सात दिवस आधी. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस दोन जुने पेपर वेळ लावून सोडवायचे आणि त्यावर ठरवायचं, असं सल्लागारांशी बोलून नक्की केलं. कातळ, तुमची वाटही त्यांच्यासमोर ठेवली. जवळच्या एका कोर्समध्ये हा विषय सक्तीचा नाही, आणि तिकडे जायचं असेल तर अर्ज कधी करायचा तेही विचारून आलो. ती वाट उघडी आहे हे कळल्यावर याच विषयाचा अभ्यास जास्त शांतपणे होतोय.

उत्तरपत्रिका बघायला गेलो. ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एक असिस्टंट समोर बसली होती, तिने दोन्ही पेपर टेबलावर ठेवले, आणि अर्धा तास मला निवांत बघू दिलं. मी समजत होतो की मला काहीच आलं नव्हतं. तसं नव्हतं. ताणाच्या टेन्सरचं एक गणित १२ गुणांचं होतं. माझं उत्तर बरोबर, गुण ३. समासात पेन्सिलने एकच शब्द, 'कारण?' मी समतोलाचं समीकरण न मांडता, सीमेच्या अटी न लिहिता थेट आकडे टाकून उत्तर काढलं होतं. दुसऱ्या पेपरात शेवटचा आकडा चुकलेला, तरी ज्या गणितात पायऱ्या लिहिल्या होत्या तिथे १० पैकी ८ दिले होते. असिस्टंट म्हणाली, आम्ही उत्तराला फार थोडे गुण ठेवतो, तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात ते वाचतो. टिपणवही, तुमच्या भाषेत माझं दुखणं 'सु'च आहे. आता रोज दोन गणितं फक्त पहिल्या पाच ओळींपुरती सोडवतोय : आकृती, गृहीतकं, समीकरण, सीमेच्या अटी, आणि थांबायचं.

समुपदेशनाची वेळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. झोप अजून पूर्ण आलेली नाही, पण अंथरुणात लॅपटॉप नेणं बंद केलंय.

घरी ओसरी ताईंनी सांगितलं तसं लिहून पाठवलं, आधी बहिणीला आणि तिच्या सल्ल्याने बाबांना. बाबांचा फोन तासाभराने आला. त्यांनी बँकेच्या अर्जासाठी कोणतं पत्र लागेल ते विचारलं, आणि मग विचारलं की पुरवणी तोंडी परीक्षा जर्मनमध्ये असते की इंग्रजीत. इंग्रजीत असते, सांगितलं.

शिशिरपान | १९ डिसेंबर

वा! तोंडी परीक्षेची तयारी लेखीच्या आधीच सुरू करा, वेगळी नव्हे, त्यातच. गटातल्या कोणाला तरी फळ्यासमोर उभं राहून एक सिद्धता समजावून सांगायची. लेखीलाही त्याचा फायदा होतो. आणि निकालानंतर तोंडीसाठी मुदतीत अर्ज करावा लागतो का ते परीक्षा कार्यालयात विचारून ठेवा, काही ठिकाणी तो आपोआप होत नाही.

नवपालवी | ३ मार्च

हा धागा शोधताना सापडला. मी अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. तीन विषय घेतलेत, नऊ क्रेडिट. त्यातला एक अजिबात झेपत नाहीये, मिडटर्म फार वाईट गेली. रात्रीची झोप उडाली आहे. विषय सोडायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. सोडला तर सहाच क्रेडिट उरतात. पोर्टलवर जाऊन सोडून टाकू का?

रानजाई | ३ मार्च

नवपालवी, पोर्टलला आत्ता हात लावू नका. एफ-१ वर पूर्णवेळ नोंदणी लागते, आणि परवानगी न घेता तुम्ही खाली आलात तर व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याला, आजच ईमेल करा. विषयात 'कमी कोर्सलोडसाठी विनंती' असं स्पष्ट लिहा. दोन वाटा आहेत. एक शैक्षणिक अडचणीची : इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या पातळीचा विषय घेतला जाणं. ही सवलत एका पदवीसाठी एकदाच मिळते, निम्मा तरी लोड ठेवावा लागतो आणि पुढच्या सेमिस्टरला परत पूर्णवेळ व्हावं लागतं. 'सुरुवातीची अडचण' हे कारण दुसऱ्या सेमिस्टरला धरतात का, हे डीएसओच सांगेल. दुसरी वाट वैद्यकीय : डॉक्टरचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं, आणि त्यात सगळे मिळून बारा महिन्यांपर्यंत सूट मिळू शकते. झोप उडाली आहे म्हणता, तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात उद्याच वेळ घ्या. पत्र पुढे लागो न लागो, तिथे जाणं गरजेचं आहेच.

डीएसओने मंजुरी सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद प्रणालीत, नोंदवली की तसं तुम्हाला लेखी येईल, त्यानंतरच विषय सोडा. आणि टीए किंवा आरए, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात विभागाचे पगारी मदतनीस असाल तर असिस्टंटशिप टिकायला किती क्रेडिट लागतात हेही त्याच दिवशी विभागात विचारून घ्या.